लालबाग-परळमध्ये नवं घर बघताय? आधी नकाशा मागा

माझ्या बेडरूमच्या खिडकीतून शेजारच्या विंगमधल्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आमटीला फोडणी लसणाची की हिंगाची, तेही कळतं. घर घेतलं तेव्हा या खिडकीबाहेर आकाश होतं आणि लांबवर एका बंद गिरणीची चिमणी. साईट ऑफिसातल्या मुलाने "व्ह्यू बघा सर" म्हणत मुद्दाम हीच खिडकी उघडून दाखवली होती. दीड वर्षाने समोर दुसरी विंग उभी राहिली. फसवलं म्हणून ओरडायची सोयही नव्हती, कारण ती विंग मंजूर नकाशात पहिल्या दिवसापासून होती. मीच नकाशा उघडला नव्हता. सॅम्पल फ्लॅटच्या पडद्यांचा रंग मात्र अजून आठवतो.

तेव्हापासून लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यात ओळखीचं कुणी घर बघायला निघालं की मला सोबत नेतात. कुणी साताऱ्याहून बदली होऊन आलेला असतो, कुणी डोंबिवलीच्या लोकलला कंटाळलेली असते. सगळ्यांना मी जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो.

पहिलं काम: इथे आधी काय होतं ते विचारा

या भागात रिकाम्या जमिनीवर बांधलेली इमारत जवळजवळ नाहीच. प्रत्येक टॉवरखाली काहीतरी होतं: गिरणी, चाळ, म्हाडाची वसाहत, झोपडपट्टी किंवा साधी चार मजली सोसायटी. काय होतं त्यावरून इमारतीचा आकार, शेजारी, जमिनीचा मालक आणि परवानगी देणारं कार्यालय या चारही गोष्टी ठरतात. म्हणून सेल्सवाल्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. "ही स्कीम कुठल्या कलमाखाली आहे?" असं विचारा. त्याला आकडा सांगता आला नाही तर तो आतून कुणाला तरी बोलावून आणेल. तिथूनच खरं बोलणं सुरू होतं.

मुंबईची सध्याची विकास नियंत्रण नियमावली २०१८ मध्ये लागू झाली. पुनर्विकासाचे बहुतेक प्रकार तिच्या ३३ क्रमांकाच्या नियमात सापडतात. ३३(७) म्हणजे उपकरप्राप्त इमारत, आपल्या भाषेत सेसची बिल्डिंग: ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची, बहुधा पागडीची (आधी एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या खोल्यांची), दुरुस्ती मंडळाला उपकर भरणारी. ३३(५) म्हणजे म्हाडाची वसाहत, ३३(९) म्हणजे अनेक इमारतींचा एकत्र समूह विकास, ३३(१०) म्हणजे झोपु, अर्थात झोपडपट्टी पुनर्वसन योजना. गिरण्यांच्या जमिनींचा नियम वेगळा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनीपैकी किती मोकळी ठेवायची आणि किती घरांसाठी द्यायची, हा नियम २००१ मध्ये बदलला. आधी हिशोब सगळ्या जमिनीवर होत होता, नंतर फक्त रिकाम्या जागेवर होऊ लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये नवा नियम टिकला. परळला गेटच्या आत गर्द बाग आणि गेटच्या बाहेर चालायला फूटपाथ नाही, असं चित्र दिसतं त्याची एक मुळी या बदलात आहे.

याचा तुमच्याशी काय संबंध? गिरणीच्या जागेवरच्या प्रकल्पात प्लॉट मोठा असतो, इमारतींमध्ये अंतर असतं, आणि मेंटेनन्सही तसाच दणदणीत असतो. सेसच्या इमारतीचा प्लॉट मुळातच अरुंद. त्यावर जुन्या भाडेकरूंची घरं बसवायची, वर विक्रीची, म्हणून इमारत काडेपेटी उभी केल्यासारखी होते आणि चारही बाजूंनी शेजार लागून येतो. म्हाडाच्या वसाहतीत, म्हणजे काळाचौकीच्या अभ्युदय नगरसारख्या ठिकाणी, जमीन म्हाडाची आणि सोसायटीकडे ती भाडेपट्ट्याने असते. म्हाडाच्या वसाहतींना बांधकाम परवानगी २०१८ पासून म्हाडाचाच कक्ष देतो, झोपु योजनेत ती झोपु प्राधिकरण देतं, आणि बाकी ठिकाणी महापालिका. कागद तपासायला कुठे जायचं ते इथेच ठरतं.

जुन्या रहिवाशांच्या विंगला सगळे 'रिहॅब' म्हणतात आणि विकायच्या विंगला 'सेल'. बऱ्याच ठिकाणी सेल रस्त्याच्या किंवा समुद्राच्या बाजूला आणि रिहॅब मागे असते. काही जण मला दबक्या आवाजात विचारतात, रिहॅबवाले शेजारी चालतील का? मी स्वतः चाळीत वाढलोय, तेव्हा या प्रश्नाला माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही. तुम्ही ऑफिसला गेल्यावर गॅस सिलिंडर उतरवून घेणारे, गणपतीत मांडव घालणारे आणि आजीला चक्कर आली तर केईएमला घेऊन धावणारे तेच आहेत. विचारायचंच असेल तर हे विचारा: दोन्ही विंगची सोसायटी एक की दोन? पाण्याची टाकी, पंप, गेट आणि लिफ्टचा खर्च कसा वाटला जाणार? भांडणं त्यावरून होतात.

दुसरं: रेराच्या संकेतस्थळावर एक संध्याकाळ घालवा

महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे, त्यामुळे होर्डिंगसमोर उभं राहून मोबाईल रोखला तरी प्रकल्पाचं पान उघडतं. त्या पानावर पूर्णत्वाची तारीख बघा आणि ती आधी किती वेळा पुढे ढकलली तेही बघा. जमिनीवर कुणाचं कर्ज आहे, कोर्टात काही चालू आहे का, किती घरं विकली गेली, सगळं तिथे असतं. आणि तिथेच मंजूर नकाशा असतो. तो उतरवून घ्या आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर छापून घ्या. मोबाईलवर बघून त्यातलं काही कळत नाही.

आता दोन कागद. पहिल्याला आयओडी म्हणतात: 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरीची सूचना. नावात नामंजुरी असली तरी मुंबईत काम तिच्यावरच पुढे सरकतं. 'या अटी पुऱ्या होईपर्यंत मंजूर समजू नका' असा तिचा अर्थ. दुसरा कागद सीसी, बांधकाम सुरू करण्याचा दाखला. तो सहसा एकदम मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांपर्यंत, असा टप्प्याटप्प्याने वाढतो. तुम्हाला २६ व्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवत असतील तर सीसी कितव्या मजल्यापर्यंतची आहे ते वाचा. १४ पर्यंतची असेल तर तुमचं घर अजून हवेत आहे, शब्दशः.

जमिनीच्या मालकीचा शोध मात्र वकिलावर सोडा, आणि तो वकील तुमचा असू द्या. बिल्डरने सुचवलेल्या वकिलाला चहा पाजून परत पाठवा.

तिसरं: नकाशा जमिनीवर पसरा

इथे घाई करू नका. घरात जे शाळेत भूमितीत बरे होते त्यांना बसवा.

आधी उत्तर दिशेचा बाण शोधा. मुंबईत पाऊस नैऋत्येकडून येतो. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्यांवर तो जून ते सप्टेंबर थेट आपटतो, आणि दुपारनंतरचा समुद्रवाराही पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे वारा हवा असेल तर ओलही आलीच. पश्चिमेची खिडकी घ्या, पण तिच्यावर छज्जा आहे का ते नकाशात बघा. नव्या इमारती दिसायला गुळगुळीत हव्यात म्हणून छज्जे गायब झालेत. आमच्या चाळीच्या गॅलरीवर कौलांची पाखी पुढे आलेली होती, त्यामुळे भर पावसातही आई तिथे पापड वाळत घालायची. (वाळायचे नाहीत, पण भिजायचेही नाहीत.) ती अक्कल नव्या काचेच्या टॉवरांनी कुठे ठेवली, देव जाणे.

मग इमारतीभोवतीची मोकळी जागा मोजा. नकाशावर ती मीटरमध्ये लिहिलेली असते. अरुंद प्लॉटवर अधिमूल्य (प्रीमियम) भरून या अंतरात सवलत घेतलेली असते. एका बाजूला १.५ मीटर दिसलं तर तिकडच्या खिडकीसमोर उद्या शेजारचा प्लॉटही तेवढंच अंतर सोडून उठू शकतो, हे गृहीत धरा. उंच इमारतीला अग्निशमन दलाची गाडी फिरायला निदान एका बाजूला साधारण ६ मीटर जागा लागते. ती बाजू कुठली ते बघा, कारण सगळ्यात निर्धास्त उजेड त्याच बाजूच्या घरांना मिळतो. प्लॉटवर तुटक रेषेने किंवा फिकट रंगात दाखवलेली चौकट दिसली तर ती पुढची विंग. माझ्या नकाशात ती अशीच होती. आणि शेजारच्या प्लॉटवर काय येणार, रस्ता रुंदीकरणाची रेषा कुठून जाते, हे महापालिकेच्या २०३४ च्या विकास आराखड्यात बघा.

आता डक्ट. संडास-बाथरूमच्या, आणि कधीकधी स्वयंपाकघराच्याही खिडक्या ज्या उभ्या पोकळीत उघडतात तो डक्ट. ब्रोशरमध्ये तो पांढरा चौकोन असतो. खऱ्या आयुष्यात तिथे पाइप असतात, कबुतरं असतात आणि तिसऱ्या मजल्यावरचा बोंबील विसाव्या मजल्यापर्यंत पोचतो. डक्टमध्ये माणूस उतरायला दार आहे का, प्लंबर उभा राहील एवढी रुंदी आहे का, बघा. आमच्याकडे नाही. गळती लागली की दोरावर लटकणारा माणूस बोलवावा लागतो आणि तो त्याच हिशोबाने पैसे घेतो.

मजल्यांचे आकडेही तपासा. खाली पाच मजले पोडियमचं पार्किंग असेल तर 'बारावा मजला' म्हणजे राहत्या घरांचा सातवा. काही ठिकाणी १३ आकडाच गाळलेला असतो. डॉ. आंबेडकर रोडवर घर बघत असाल तर लालबागचा उड्डाणपूल कितव्या मजल्याच्या उंचीला येतो ते प्रत्यक्ष जाऊन बघा. त्या मजल्यावर खिडकी उघडली की बसमधल्या माणसाशी नजरानजर होते.

साधारण दर सात मजल्यांमागे एक रेफ्यूज जागा दिसेल. आग लागली तर लोकांनी थांबायची ती जागा. तिथे कुंड्या, सायकली, वाढदिवस काहीही चालत नाही. रेफ्यूज असलेल्या मजल्यावर एखादं घर कमी असतं, म्हणून मला तो मजला आवडतो.

शेवटी लिफ्ट. एका मजल्यावर ६ घरं, २२ मजले, म्हणजे १३२ घरं. घरात ४ माणसं धरली तर ५२८ माणसं. लिफ्ट ३, त्यातली १ अग्निशमनाची, तीच सामानाची. सकाळी साडेआठला शाळेची मुलं, ऑफिसवाले, दूधवाला आणि घरकामाच्या बायका मिळून किती वेळ थांबतील, ते तुम्हीच ठरवा. इटालियन मार्बलच्या लॉबीत थांबलं तरी वेळ तेवढाच लागतो.

चौथं: टेप घेऊन जा

रेराच्या व्याख्येत कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. त्यामुळे '४५० कार्पेट' असं तोंडी सांगितलं तर त्यात बाल्कनी मिळवली आहे का ते विचारा, आणि करारात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. 'सुपर बिल्टअप' हा शब्द निघाला तर कान टवकारा. त्या आकड्यात तुमच्या वाट्याचा जिना आणि लॉबीही मिसळलेली असते.

पुनर्विक्रीचं घर बघत असाल तर फ्लॉवरबेडची गंमत माहीत हवी. जानेवारी २०१२ पूर्वी फ्लॉवरबेड, कोनाडे असल्या गोष्टी चटईक्षेत्रात (एफएसआयमध्ये) मोजत नसत. म्हणून त्या काळच्या इमारतींत प्रत्येक खिडकीबाहेर भलेमोठे फ्लॉवरबेड असायचे. फूल एक नसायचं. पझेशन मिळालं की भिंत फोडून ते हॉलमध्ये घ्यायचे. अशा घराचा मंजूर नकाशा आणि आजचा हॉल जुळत नाही. बँकेचा माणूस मोजायला आला की ते बाहेर येतं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग मोजा. हसू नका. एका ठिकाणी तो साडेपाच फुटी निघाला होता आणि कपाटाला खोलीच नव्हती, नुसती दारं. आतले दरवाजेही काढलेले असतात, त्यामुळे जागा मोठी वाटते. वॉशिंग मशीन कुठे राहणार, कपडे कुठे वाळणार, देवघर कुठे बसणार, ही तीन उत्तरं नकाशावर पेन्सिलीने काढून दाखवायला सांगा.

पाचवं: पार्किंग

उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. झाकलेली घेत असाल तर २०२४ पासून महारेराच्या सूचनेप्रमाणे तिची लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारात यावी लागते. आपली गाडी उंच असेल तर उंचीचा आकडा आधी वाचा. एकावर एक गाड्या ठेवायचं स्टॅक पार्किंग असेल तर वरची जागा घेऊ नका. खालचा शेजारी गावाला गेला की तुमची गाडी वर लटकते.

सहावं: पैसे

उदाहरणादाखल दीड कोटीचं घर धरू. दीड कोटी हा आकडा लिहिताना माझाही हात थरथरतो, पण या पट्ट्यात त्यात वन बीएचकेच बघावं लागतं. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ९ लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी, म्हणजे दीड लाख वाचले. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, साडेसात लाख. ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला, आल्यावर बिल्डरकडून घेतलं तर जीएसटी नाही. वरचा खर्च मिळून १६ लाख ८० हजार. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही आणि मुद्रांक शुल्क किमतीत धरत नाही. म्हणजे साडेसदतीस लाख आणि हे पावणेसतरा लाख, मिळून ५४ लाखांच्या वर स्वतःचे हवेत. शिवाय ५० लाखांवरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस आपण कापून सरकारकडे भरायचा असतो. बिल्डर आठवण करून देईल याची खात्री नाही, नोटीस मात्र तुम्हालाच येईल.

नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणं कायद्यात बसत नाही. "टोकन आज दिलं तर हा भाव" हे वाक्य दर शनिवारी ऐकू येतं. पुढच्या शनिवारीही तोच भाव असतो.

मेंटेनन्सचा चौरस फुटाचा दर लेखी घ्या. १२ रुपये धरले तर ४५० फुटांचे महिना ५,४०० होतात, आणि बरेच बिल्डर वर्ष-दोन वर्षांचे एकदम आगाऊ घेतात. पोहण्याचा तलाव, थिएटर, योगा डेक हे सगळं त्या दरात बसलेलं आहे. आमच्या तलावात पहिलं वर्ष मुलं पोहली. आता त्यात पाणी असतं की नाही, ते सेक्रेटरींना विचारावं लागतं.

सातवं: अवेळी जाऊन या

रविवारी अकराला कुठलाही रस्ता चांगला दिसतो. जुलैत, भरतीच्या दिवशी, जोराचा पाऊस लागला असताना पाणी तुंबणारा हिंदमाता चौक ओलांडून त्या इमारतीपर्यंत चालत जा. एकदा गणपतीत जा. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत तुमच्या स्वतःच्या गल्लीत शिरायला पोलिसाला घराचा पत्ता सांगावा लागतो. मला ते दहा दिवस वर्षातले सगळ्यात चांगले वाटतात, पण रात्रपाळी करणाऱ्या माणसाने विचार करावा. जवळ राहत्या झालेल्या एखाद्या नव्या इमारतीच्या वॉचमनला पाण्याचा टँकर आठवड्यातून किती वेळा येतो तेवढं विचारा. तो खरं सांगतो.

आठवं: किल्ली घेताना

ओसीशिवाय राहायला जाऊ नका. ओसी नसलेल्या इमारतीला पाणी जादा दराने भरावं लागतं आणि पुढे घर विकताना बँक नाक मुरडते. 'पार्ट ओसी' असेल तर तुमचा मजला त्यात आहे का ते बघा. वर काम चालू असताना खाली राहणं म्हणजे वर्षभर धूळ पुसणं. अग्निसुरक्षेचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत लागतं. सोसायटी झाल्यावर ते काम तुमच्याच समितीच्या गळ्यात येणार आहे.

बाथरूमची जाळी बोळ्याने बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरा आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. ड्राय बाल्कनीत बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे गेलं पाहिजे, स्वयंपाकघराकडे नव्हे. सापडेल ते सगळं तारखेसह ईमेलवर कळवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तो कळवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

आणि लपवलेल्या वायरी-पाइपांचा नकाशा मागून घ्या. हल्लीच्या बऱ्याच इमारती मायवान नावाच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात. विटांच्या जागी सगळ्या भिंती काँक्रीटच्या. ती भिंत मागाहून फोडता येत नाही, स्विचची जागाही हलवता येत नाही. राहायला गेलो त्या दिवशी कालनिर्णय लावायला मी तीन खिळे ठोकले आणि तिन्ही वाकले. चौथ्याला शेजारच्या विंगमधल्या काकूंनी त्यांच्या खिडकीतूनच सांगितलं, "अहो, ड्रिल लागतं. आमच्याकडे आहे, मुलाला पाठवा."